पतंग फलकावर नको, हवेत: तिसरी ते पाचवीच्या मुलांसोबत उड्डाण शिकताना

जानेवारी आला की ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या कितीतरी शाळांमध्ये पतंगाचा एक तास होतो. घोटीव कागद येतो, टिकल्या येतात, कागदावर 'पाणी वाचवा' लिहिलं जातं आणि तयार पतंग फलकावर टाचले जातात. त्यातला एकही उडत नाही. चित्रकलेचा तास म्हणून यात वावगं काही नाही. पण उड्डाण म्हणजे काय हे मुलांना कळायला हवं असेल, तर वेळेची वाटणी उलटी करा: बनवायला एक तास, मैदानावर दोन.

हा लेख त्यासाठी आहे. वर्गशिक्षक असाल, सोसायटीतली दहा-बारा मुलं गोळा करणारे आई-बाबा असाल किंवा शिबिर घेणारे ताई-दादा, स्वतः कधी पतंग उडवला नसेल तरी चालेल. उलट बरंच. पेच लढवून तयार झालेल्या माणसाला मुलांच्या हातात दोरा देणं फार जड जातं.

आधी वारा बघा

साहित्याची यादी नंतर. पहिला प्रश्न असतो वेळेचा, आणि शाळा नेमकी तिथेच अडखळते. सकाळी आठच्या पीटीच्या तासाला मैदान रिकामं असतं म्हणून तो तास पतंगाला दिला जातो, आणि हिवाळ्यात त्या वेळी आपल्याकडे वारा जवळजवळ नसतो. असला तरी जमिनीकडून येणारा, मंद. दिवस चढला, जमीन तापली की समुद्राकडून वारा सुरू होतो. दुपारी दोन ते चार हा हक्काचा वेळ. डिसेंबर ते मार्च हे महिने चांगले. त्यातही फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारचा वारा जास्त भरवशाचा.

संक्रांतीचा दिवस आणि त्याच्या मागचे-पुढचे दोन दिवस मात्र टाळा. आकाशात पेच चालू असतात, मांजा कुठून कसा येईल सांगता येत नाही, आणि मुलांचं लक्षही कटलेल्या पतंगांमागे असतं. संक्रांत होऊन गेली की बाजार शांत होतो, ठाण्याच्या जांभळी नाक्यासारख्या ठिकाणी उरलेला घोटीव कागद मिळून जातो, आणि मैदानही मोकळं असतं.

वारा किती आहे हे मुलांनाच ठरवू द्या. त्यासाठी यंत्र लागत नाही. झाडाची पानं सळसळताहेत आणि तोंडावर वारा जाणवतोय, तर ताशी 6 ते 11 किलोमीटर. पानं नि बारीक फांद्या सतत हलताहेत, हलका झेंडा ताठ फडकतोय, तर 12 ते 19. धूळ आणि कागदाचे कपटे उडायला लागले, लहान फांद्या डोलायला लागल्या, तर 20 ते 28. ही वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या बोफर्ट मोजपट्टीतली दुसरी, तिसरी आणि चौथी पायरी. आपल्या कामाला तिसरी पायरी उत्तम. चौथ्या पायरीला लहान मुलांच्या हातात दोरा देऊ नका. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की पतंगावरचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो, आणि हे मुलांच्या हाताला तुमच्याआधी कळतं.

जागा निवडताना

गच्ची नको. यावर वाद घालायचा नाही. मागे सरकत सरकत कठड्याशी जाणारं मूल हा एवढा एकच मुद्दा पुरेसा आहे. शिवाय गच्चीवरचा वारा खराब असतो. इमारतीवरून येणारा वारा पलीकडे गेल्यावर भोवऱ्यासारखा फिरतो, आणि तो विस्कळीतपणा इमारतीच्या उंचीच्या सात-आठ पट अंतरापर्यंत जाणवतो. वाऱ्याच्या बाजूला सात मजली इमारत असलेल्या मैदानावर पतंग वर जातो, मग कारण नसताना आपटतो, आणि मुलांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

ठाण्यात याच कारणाने येऊरच्या पायथ्याशी, म्हणजे उपवन, वर्तकनगर, पोखरण रोडच्या बाजूला वारा झटक्याझटक्याने येतो. दुपारचा वारा पश्चिमेचा किंवा वायव्येचा, आणि डोंगर नेमका पश्चिमेला. तिथून कोलशेत-बाळकुमकडे खाडीच्या बाजूला सरकलं की फरक पडतो. नवी मुंबईचं उलट आहे. तिथे डोंगर पूर्वेला, पारसिकचा, आणि पश्चिमेला खाडी. त्यामुळे दुपारचा वारा खाडीवरून सपाट येतो. वाशी, नेरूळ, बेलापूरच्या मोकळ्या मैदानांवर नवशिक्यांचं काम सोपं होतं.

पण खाडीच्या अगदी काठावर जाऊ नका. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं, 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, आणि पतंगाचे महिने हेच नेमके फ्लेमिंगोंचे महिने. भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की हे पक्षी नेरूळच्या पाणथळ जागांकडे येतात. त्या वाटेत दोरे नकोत.

तारांचंही बघा. लोकल गाड्यांच्या वरच्या तारेत 25,000 व्होल्टचा प्रवाह असतो. वारा पश्चिमेचा म्हणजे पतंग पूर्वेला जाणार, तर मैदानाच्या पूर्वेला रेल्वेमार्ग, विजेचे मनोरे किंवा वाहता रस्ता नाही ना, हे आदल्या दिवशी स्वतः जाऊन पाहा. आणि एक नियम मुलांकडून पाठ करून घ्या: तारेत किंवा झाडात अडकलेला पतंग आपला नाही. तो गेला.

नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये झालं. तेव्हा उलवे-पनवेलच्या बाजूला विमानांच्या वाटेखाली हा उद्योग करू नका. जाता जाता: 1934 च्या भारतीय विमान कायद्यात 'एअरक्राफ्ट'ची जी व्याख्या होती, तिच्यात पतंगाचंही नाव होतं. मुलांना हे सांगितलं की कागदाला खळ लावताना त्यांचे चेहरे एकदम गंभीर होतात.

दोरा

मांजा नाही. नायलॉनचा नाही, काचेचा नाही, 'थोडासाच' सुद्धा नाही. नायलॉनच्या आणि काच लावलेल्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंदी घातली आहे, आणि दरवर्षी पक्षी आणि दुचाकीस्वार त्याने कापले जातात हे आपण वाचतोच. आपल्याला साधा सुती दोरा हवा, पतंगवाल्यांच्या भाषेत सद्दी. गोधडी शिवायचा जाड दोराही चालतो. फिरकीची गरज नाही. अर्ध्या लिटरची रिकामी पाण्याची बाटली घ्या, दोऱ्याचं टोक चिकटपट्टीने पक्कं करा आणि त्यावर गुंडाळा. लहान मुठीत बाटली छान बसते.

दोरा 30 मीटरपेक्षा जास्त गुंडाळूच नका. प्रत्येक 5 मीटरवर लाल स्केचपेनने खूण करा. याचा उपयोग पुढे मोजमापात होईल.

वर्गात अर्धा तास: पॅड आणि कटलेला पतंग

कागद वाटण्याआधी प्रत्येकाला परीक्षेचा पॅड काढायला सांगा. मैदानावर किंवा लांब व्हरांड्यात पॅड समोर दोन्ही हातांत आडवा धरून पळायचं. आधी पॅड जमिनीला समांतर धरायचा, मग पुढची कड थोडी वर करायची, मग अगदी उभा धरायचा. समांतर असताना काहीच वाटत नाही. उभा धरला की हवा मागे ढकलते. तिरका धरला की तो मागेही ढकलला जातो आणि वरही. हे हाताला कळलं की अर्धं काम झालं. तिरका पॅड समोरून येणारी हवा खाली वळवतो, म्हणून हवा त्याला वर ढकलते. पतंगाचं रहस्य एवढंच. पंखाच्या वरून जाणारी हवा लांबचा रस्ता घेते म्हणून पळत जाते वगैरे स्पष्टीकरण काही पुस्तकांत आणि व्हिडिओंत असतं. ते पतंगाला लागू नाही आणि विमानालाही नीट लागू नाही. सोडून द्या.

मग फळ्यावर चार बाण काढा. वर उचलणारा, मागे ओढणारा, खाली खेचणारं वजन, आणि चौथा दोऱ्याचा ताण. चौथ्या बाणापाशी थांबा आणि विचारा: दोरा पतंगाला खाली ओढतो, बरोबर? मग दोरा कापला की पतंग अजून वर जायला हवा. तो पडतो का?

इथे घाई करू नका, कारण या एका प्रश्नात सगळा धडा आहे. कटलेला पतंग प्रत्येक मुलाने पाहिलेला असतो, त्यामागे पळालेलंही असतं, पण तो का पडतो हे कुणी विचारलेलं नसतं. उत्तरं येतात: 'वारा थांबतो', 'पतंग घाबरतो', 'वजन वाढतं'. सगळी फळ्यावर लिहा. मग एका मुलाला पॅड तिरका धरून उभं करा आणि मागून-पुढून कोणी काही न करता विचारा, आता वर ढकललं जातंय का? नाही, कारण हवा पॅडवर येतच नाही. पळालं तरच येते. पतंग स्वतः पळत नाही, वारा त्याच्यावर येतो, आणि तो येतो कारण दोऱ्याने पतंगाला जागेवर धरून ठेवलेलं असतं. दोरा सुटला की पतंग वाऱ्याबरोबर वाहायला लागतो. दोघं एकाच वेगाने जायला लागले की पतंगाला वारा लागतच नाही. मग त्याला उचलणार कोण?

चौथीतली मुलं हे बरोबर पकडतात. एखादं मूल लगेच पुढचा प्रश्न टाकतं की विमानाला तर दोरा नसतो. तिथे इंजिन येतं, आणि तुमचा पुढचा तास तयार होतो.

पहिला पतंग: स्लेड

सुरुवात बाजारातल्या चौकोनी पतंगापासून करू नका. का, ते शेवटी सांगतो. पहिला पतंग स्लेड करा. याला दोनच उभ्या काड्या असतात, आडवी काडी नसते. वारा त्याला स्वतःच फुगवून उघडतो. चुका खूप सहन करतो, शेपटी नसली तरी चालतं.

साहित्य: वर्तमानपत्राचं एक पूर्ण उघडलेलं जोडपान, 45 सेंटिमीटरच्या दोन काड्या, सेलोटेप, दोरा, मोजपट्टी, कात्री. काड्यांसाठी सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे खराट्याचे हीर. सरळ बघून निवडा. बांबूच्या कामट्या हव्या असतील तर टोपल्या-सुपं करणाऱ्या बुरुडांकडून पातळ तासून घ्या आणि कडा पॉलिश पेपरने घासा, नाहीतर कुसळं बोटात जातात.

1. जोडपानातून 50 सेंटिमीटर रुंद आणि 45 सेंटिमीटर उंच आयत कापा. मधोमध उभी घडी घाला, म्हणजे पुढचं सगळं कापणं दोन्ही बाजूंना सारखं होईल. सारखेपणा हा या पतंगाचा प्राण आहे.

2. घडी घातलेल्या अवस्थेत, घडीपासून वरच्या कडेवर साडेबारा सेंटिमीटरवर खूण करा, खालच्या कडेवरही तेवढ्यावरच. मोकळ्या उभ्या कडेवर वरून 15 सेंटिमीटरवर तिसरी खूण. वरची खूण आणि कडेची खूण जोडा, कडेची आणि खालची जोडा, आणि त्या रेषांवर कापा. उघडल्यावर मध्ये 25 सेंटिमीटर रुंद पट्टा आणि दोन्ही बाजूंना एकेक त्रिकोणी पंख दिसेल.

3. मधला पट्टा आणि पंख जिथे मिळतात त्या दोन उभ्या रेषांवर काड्या ठेवा आणि वर, मध्ये, खाली सेलोटेपने चिकटवा. हीर असेल तर तो एका टोकाला जाड असतो. दोन्ही हिरांची जाड टोकं वरच्याच बाजूला हवीत. एक वर, एक खाली झालं तर पतंग एका अंगाला झुकतो आणि मग तासभर कारण सापडत नाही.

4. दोन्ही पंखांच्या टोकांना दोन्हीकडून सेलोटेपचा तुकडा लावून जागा मजबूत करा, मग भोक पाडा. ही पायरी गाळली तर पहिल्याच झटक्याला कागद फाटतो.

5. आता कन्नी, म्हणजे पतंगाला बांधलेला तो दोरा, ज्याला उडवायचा दोरा जोडतात. साधारण 140 सेंटिमीटर दोरा घ्या, एक टोक एका पंखाला, दुसरं दुसऱ्याला बांधा. पंखांची टोकं एकावर एक जुळवा, दोरा ताणा आणि बरोबर मध्यावर फाशाची गाठ मारा. उडवायचा दोरा याच फाशात बांधायचा. कन्नी आखूड ठेवायचा मोह होतो, ठेवू नका. ती आखूड झाली की पंख आत ओढले जातात आणि पतंग मिटतो.

सजावट? हवी असेल तर स्केचपेनने. रंगाचे थर, टिकल्या, चमकी हे सगळं वजन आहे. हे मुलांना नुसतं सांगू नका, मोजायला लावा. ए-फोर आकाराचा 80 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 80 ग्रॅम) कोरा कागद जवळजवळ बरोबर 5 ग्रॅमचा असतो, कारण असे 16 कागद मिळून एक चौरस मीटर होतो. मोजपट्टीच्या मधोमध दोरा बांधून तराजू करा, एका टोकाला पतंग, दुसऱ्याला घडी घातलेले ए-फोर. वर्तमानपत्राचा हा पतंग दोन-तीन कागदांच्या आसपास येतो. अर्धी बाटली पोस्टर कलर ओतलेला पतंग किती येतो, ते त्यांनाच पाहू द्या.

मैदानावर

मुलं पळतात. त्यांना थांबवणं हे तुमचं पहिलं काम. पळताना पाठ पतंगाकडे असते, नजर कुठेच नसते, आणि थांबलं की पतंग पडतो. वारा असेल तर पळायची गरजच नाही.

चार-चार मुलांचे गट करा: एक उडवणारा, एक सोडणारा, एक मोजणारा, एक लिहिणारा. दर फेरीला कामं बदलायची. एका वेळी हवेत चार-पाचपेक्षा जास्त पतंग नकोत, आणि दोन उडवणाऱ्यांमध्ये दहा पावलं अंतर ठेवा. मैदानाच्या पश्चिम कडेला उभे राहा. वारा पाठीवर, पतंग समोर मैदानावर, आणि दुपारी उशिराचं ऊनही बहुतेक पाठीशी, म्हणजे डोळ्यांत सूर्य नाही.

सोडणारा पतंग घेऊन वाऱ्याच्या दिशेने 15 मीटर पुढे जातो, म्हणजे दोऱ्यावरची तिसरी खूण. पतंगाचं तोंड वर, दर्शनी बाजू उडवणाऱ्याकडे. दोरा ताठ. पंखात वारा भरला की उडवणारा 'सोड' म्हणतो. सोडणाऱ्याने फक्त हात काढायचे, पतंग वर फेकायचा नाही. उडवणारा दोरा हाताने दोन-तीनदा सावकाश ओढतो. पतंग चढला की ढील द्यायची, चढायचा थांबला की पुन्हा ओढायचं. खाली कोसळायला लागला तर ओढायचं नाही, ढील द्यायची. हे उलटं वाटतं, आणि मोठी माणसंही इथे घाबरून ओढतात. ओढलं की पतंग तोंड असेल त्याच दिशेला जोरात जातो, आणि त्याचं तोंड त्या वेळी जमिनीकडे असतं.

स्लेड मिटत असेल तर आधी कन्नीचे दोन पाय सारखे आहेत का बघा. एका बाजूला सारखा झुकत असेल तरी तेच. दोन्ही ठीक असतील आणि तरी डोलत असेल, तर मधल्या पट्ट्याच्या खालच्या भागात चहाच्या कपाच्या तळाएवढं भोक कापा. पतंगाला भोक पाडलं की तो नीट उडतो, यावर मुलांचा विश्वास बसत नाही. म्हणूनच आधी न पाडता उडवून घ्या.

चाचणी: एका वेळी एकच बदल

नुसतं उडवणं आणि तपासणं यात फरक आहे, तो वहीमुळे पडतो. वहीत चार रकाने पुरेत: वारा कसा होता, काय बदललं, किती सेकंद टिकला, दोऱ्याचा कोन किती. प्रत्येक बदलासाठी तीन उड्डाणं आणि तीनमधला मधला आकडा धरायचा. सरासरी तिसरीला जड जाते, मधला आकडा जात नाही.

यात एक अडचण आहे, आणि ती खुल्या मनाने मुलांपुढे ठेवा: वारा दर मिनिटाला बदलतो. पतंग चांगला उडाला तो आपल्या बदलामुळे की वाऱ्यामुळे? यावर उपाय म्हणजे गटाने दोन सारखे पतंग करायचे. एकाला कधीच हात लावायचा नाही, बदल फक्त दुसऱ्यात. दोन्ही एकाच वेळी शेजारी-शेजारी उडवायचे. दोन्ही पडले तर दोष वाऱ्याचा. परिसर अभ्यासाच्या पुस्तकात 'प्रयोग' हा शब्द येतो, पण तुलनेसाठी एक तसाच ठेवायचा ही गोष्ट इतकी स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते.

बदलायचं काय? कन्नीची गाठ मध्यापासून एका बाजूला 2 सेंटिमीटर सरकवा आणि काय होतं ते पाहा. पतंगाच्या खालच्या कडेला ए-फोरचा पाव तुकडा चिकटवा, मग अर्धा, मग पूर्ण, आणि कितव्या ग्रॅमला तो उठायचा बंद होतो ते लिहा.

माझा आवडता प्रयोग शेपटीचा. मुलांना विचारलं की शेपटी कशाला, तर नव्वद टक्के उत्तर येतं, 'वजनासाठी'. मोठ्यांचंही हेच. मग क्रेप कागदाची 3 मीटर लांब पट्टी घ्या. एकदा ती लांब सोडून पतंगाला लावा. दुसऱ्यांदा तीच पट्टी चुरगाळून गोळा करा आणि त्याच जागी चिकटवा. वजन एक ग्रॅमही बदललं नाही. वाऱ्यात मात्र फरक उघड दिसतो. गोळा लावलेला पतंग डोलत राहतो, लांब शेपटीचा सरळ उभा राहतो. वारा पट्टीला मागे ओढतो, पट्टी पतंगाचं खालचं टोक मागे धरते, आणि पतंगाला फिरायला वाव राहत नाही. म्हणजे कामाची गोष्ट शेपटीचं वजन नव्हे, तिच्यावरची वाऱ्याची ओढ. हा प्रयोग स्लेडवर कमी आणि पुढच्या चौकोनी पतंगावर फार ठळक दिसतो, म्हणून वेळ कमी असेल तर तिथेच करा.

उंची मोजायला परीक्षेचा पॅड पुन्हा काढा. पॅडच्या वरच्या कडेला समांतर कोनमापकाची सरळ बाजू चिकटवा, गोलाई खाली. मध्यबिंदूतून दोरा आणि त्याला एक नट लोंबता ठेवा. पॅडच्या कडेवरून पतंगाकडे नेम धरला की दोरा कोनमापकावर एक आकडा दाखवतो. कोनमापकावर जिथे 90 आहे तिथे 0 आणि दोन्हीकडे 10, 20, 30 असे आकडे लिहिलेली कागदी पट्टी चिकटवून ठेवा, म्हणजे वजाबाकी करावी लागत नाही. दोऱ्यावरच्या लाल खुणांवरून किती दोरा सुटलाय ते कळतं. मग आलेख कागदावर 1 सेंटिमीटर म्हणजे 2 मीटर धरून त्या कोनात रेष काढायची आणि उंची पट्टीने मोजायची. 20 मीटर दोरा आणि 30 अंश कोन असेल तर उंची 10 मीटर येते, उडवणाऱ्याच्या हातापासून. म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्याएवढी. प्रत्यक्षात थोडी कमीच, कारण दोरा मध्ये झोळ खातो. मुलांचे अंदाज आधी लिहून घ्या. शंभर मीटर, पाचशे मीटर, काहीही येतं.

राइट बंधूंची गोष्ट सांगायची तर इथे सांगा. 1899 मध्ये त्यांनी आधी बनवला तो पाच फुटी पतंग, दोन मजली पंखांचा. दोऱ्या ओढून पंख पिळला की पतंग वळतो का, एवढंच त्यांना बघायचं होतं. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या किटी हॉक गावी मोठं ग्लायडरसुद्धा त्यांनी माणूस न बसवता पतंगासारखं उडवलं आणि दोरीवरचा ताण स्प्रिंगच्या काट्याने मोजला. इंजिन लावलेलं विमान उडालं ते 1903 मध्ये. शाळेच्या प्रयोगशाळेत स्प्रिंगचा काटा असेल तर तुमच्या मुलांनाही दोऱ्यात अडकवून ताण मोजता येईल.

दुसरा पतंग: शेपटीचा चौकोनी

चौथी-पाचवीसाठी. उभी काडी 60 सेंटिमीटर, आडवी 50. आडवी काडी वरून 15 सेंटिमीटरवर, मधोमध, दोऱ्याने फुलीच्या आकारात घट्ट बांधा. चारही टोकांवर खाच पाडून भोवती दोरा फिरवा, तो कागदाची कड होईल. घोटीव कागदावर हा सांगाडा ठेवून कडेला दोन सेंटिमीटर जागा सोडून कापा, ती दोऱ्यावर दुमडून मैद्याच्या खळीने चिकटवा. खळ पातळ लावा आणि पंख्याखाली वाळू द्या.

कन्नीचा दोरा फुलीच्या जागी आणि खालच्या टोकाला बांधायचा. लांबी किती? दोरा बाजूला ओढला की आडव्या काडीच्या टोकाला बरोबर पोहोचायला हवा. तिथेच फासा. मागे 4 मीटर शेपटी.

या पतंगाची मजा फाशात आहे. फासा एक सेंटिमीटर वर सरकवला की पतंग वाऱ्याला जास्त आडवा होतो, ओढ कमी लागते, आणि फार वर नेला तर फडफडून खाली येतो. खाली सरकवला की तो वाऱ्यापुढे जास्त उभा राहतो, हाताला जोर लागतो, पण चढत नाही. पॅड घेऊन पळताना जे तिरकं-उभं केलं होतं, तेच. एक सेंटिमीटर म्हणजे खरंच एक सेंटिमीटर. पाचवीतल्या मुली पट्टी लावून अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरने फासा सरकवतात आणि मुलांचा पतंग जमिनीवर असताना त्यांचा स्थिर उभा असतो, हे दृश्य दरवर्षी दिसतं.

आणि बाजारातला पतंग

तो कधी द्यायचा हा प्रश्न मुलं पहिल्याच दिवशी विचारतात. दोन्ही पतंग तपासून झाल्यावर द्या. बाजारातला पतंग पेच लढवायला बनवलेला आहे आणि मुद्दामच अस्थिर ठेवलेला आहे. दोरा ओढला की त्याची कमान, म्हणजे वाकवलेली आडवी काडी, मागे वाकते, पंखांना खोलगट आकार येतो, आणि तो तोंड असेल तिकडे सरळ धावतो. ढील दिली की कमान सैल होते, पतंग सपाट होतो आणि गिरक्या घ्यायला लागतो. हव्या त्या क्षणी ओढून दिशा पकडायची, हेच पतंगबाजाचं कसब. आठ वर्षांच्या मुलाच्या हातात हा गुण म्हणजे नुसता गोता.

म्हणून त्याच्यावरही एक चाचणी करा. सारखे दोन पतंग घ्या, एकाला क्रेपची 2 मीटर शेपटी लावा, दुसरा तसाच ठेवा, आणि मुलांना आधी वहीत लिहायला सांगा की कुठला काय करेल आणि का. मग उडवा. दिवस संपताना दोऱ्याचा प्रत्येक तुकडा मैदानावरून उचलून एका पिशवीत भरायचा, आणि ती पिशवी शाळेत परत न्यायची. गवतात राहिलेला सुती दोराही कावळ्या-साळुंक्यांच्या पायांत गुंततो.